दाताच्या डॉक्टरला कवटी कशाला लागते?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

दोन आठवड्यांपूर्वी रात्री साडेनऊला फोन आला. ओळखीचे गृहस्थ, कामोठ्यात राहतात. आवाज दबका. “साहेब, आमच्या सोसायटीत माणसाची कवटी सापडलीय. लगेच या. पोलिसांना अजून सांगितलेलं नाही.”

वीस वर्षं बातमीदारी करतोय, असा फोन कोण सोडेल? बाइक काढली आणि गेलो. सोसायटीच्या ऑफिसात आठ-दहा माणसं जमलेली. टेबलावर पेपरात गुंडाळलेली कवटी. भाड्याने राहणाऱ्या तीन मुलींच्या खोलीत कामवाल्या मावशींना दिसली, त्या किंचाळत खाली आल्या. तोपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरून “अघोरी प्रकार” इथपर्यंत गाडी पोचलेली. अमावास्या परवावर आलेली, त्यामुळे विषयाला आणखी धार. महिनाअखेर मुलींनी खोली सोडावी, असं जवळजवळ ठरलंच होतं.

मी कवटी हातात घेतली. हलकी लागली. उलटी करून बघितलं तर खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव. प्लास्टिक!

तिघींपैकी एक मुलगी बीडीएसच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे दाताची डॉक्टर होणारी. मराठवाड्यातून आलेली, वय अठरा. कोपऱ्यात रडवेली उभी. तिने सांगितलं की व्हायवा जवळ आलीय, खऱ्या कवट्या कॉलेजात आहेत पण हातात घ्यायला नंबर लावावा लागतो, म्हणून ही ऑनलाइन मागवली. सगळ्यांचे चेहरे पडले. मग एक काका सावरून बोलले, “ते ठीक आहे गं. पण तू दाताची डॉक्टर होणार ना? मग अख्खी कवटी कशाला? दात पुरेत की!”

सगळे हसले, वातावरण निवळलं, मुलींची खोली वाचली. बातमी काही झाली नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण हा फक्त त्या काकांचा प्रश्न नाही. “डेंटिस्टला कशाला एवढी अॅनाटॉमी” असं शिकलेली माणसंही म्हणतात. आणि त्याचं उत्तर शोधत गेलं की वाट फिरून आपल्याच घराच्या उंबऱ्यावर येते. माझ्या तर आलीच.

आधी वस्तुस्थिती बघू. आपल्या महापालिकेच्या हद्दीतच कामोठ्यात एमजीएमचं डेंटल कॉलेज आहे, खारघरला यरळा मेडिकल ट्रस्टचं आहे. शेजारी बेलापूर, नेरूळला आणखी आहेत. दरवर्षी पांढरे अॅप्रन घातलेली नवी पोरं मानसरोवर, खांदेश्वर, खारघर स्टेशनला उतरतात. बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षाला मानवी शरीररचनाशास्त्र हा स्वतंत्र विषय. डेंटल कौन्सिलच्या २००७ च्या नियमावलीत त्यासाठी १०० तास लेक्चर आणि १७५ तास प्रात्यक्षिक धरलेत. एमबीबीएसच्या पोरांना याच विषयाला दुपटीहून जास्त तास मिळतात. डेंटलवाल्यांचा मुख्य भर डोकं आणि मान यावर. बाकी शरीराची तोंडओळख.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. तुमची खालची अक्कलदाढ काढायची आहे. डॉक्टर म्हणतो, “थोडं मुंगी चावल्यासारखं होईल.” तो सुई दाढेत टोचत नाही. जबड्याच्या मागच्या उभ्या भागाला आतल्या बाजूने एक छोटं भोक असतं. पाचव्या क्रमांकाच्या मेंदूच्या नसेची एक फांदी त्या भोकातून जबड्यात शिरते आणि खालच्या सगळ्या दातांना संवेदना देते. सुई त्या भोकाच्या जवळ न्यायची असते. गालाच्या आत, स्नायूंच्या मधल्या फटीतून, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर खोल. भोक दिसत नाही, नस दिसत नाही. डॉक्टर हे काम अंदाजाने नाही करत, मनातल्या नकाशाने करतो.

नकाशा चुकला तर? सुई जास्त मागे गेली तर औषध गालाजवळच्या लाळग्रंथीत शिरतं. त्या ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. मग पेशंटचा अर्धा चेहरा लुळा पडतो, डोळा मिटत नाही. काही तासांत तो बरा होतो, पण तेवढ्या वेळात घरच्यांचा जीव अर्धा होतो. दाढ काढताना जिभेची नस अगदी शेजारून जाते, काहींच्यात तर हाडाला चिकटून. तिला धक्का लागला तर जिभेची एक बाजू बधिर होते, चव जाते, आणि हे कधी कधी कायमचं होतं.

किडलेल्या खालच्या दाढेचा पू हनुवटीखालच्या पोकळीत उतरला आणि दोन्ही बाजूंना पसरला तर जीभ वर ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली याचं वर्णन केलं, आजही ते नाव चालतं. दाताच्या दुखण्याने माणूस मरू शकतो, हे आपल्याकडे कुणाला खरं वाटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपला रायगड, आपलं पनवेल. नाक्यानाक्यावर पुड्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कशी पाळली जाते हे कुठल्याही टपरीवर जाऊन बघा. तोंडाचा कॅन्सर पहिल्यांदा कोण बघतो? पुष्कळदा दाताचा डॉक्टरच. पेशंट “दाढ दुखते” म्हणून येतो. डॉक्टरने तोंडातला पांढरा चट्टा बघितला, मानेत बोटं घालून गाठी चाचपल्या आणि कुठल्या जागेची गाठ कुठल्या भागाचं दुखणं सांगते हे त्याला माहीत असलं, तर तो पेशंट वेळेत खारघरच्या टाटाच्या अॅक्ट्रेकला पोचतो. नाहीतर सहा महिने पेनकिलर खातो. फरक त्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासाचा आहे.

म्हणून दात पुरत नाहीत, काका.

आता म्हणाल, मग प्लास्टिकची कवटी आहे, मोबाइलवर थ्रीडी अॅप आहे, मोठ्या टचस्क्रीनचं डिसेक्शन टेबल आलंय. खरं शरीर कशाला? हाच प्रश्न मी शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना विचारला. कॉलेजचं नाव देत नाही, त्यांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून. त्यांनी उत्तर न देता दोन जबडे माझ्यापुढे ठेवले. दोन्ही खरे. मला म्हणाल्या, भोक शोधा. एकात वर होतं, एकात चांगलंच खाली. मग दोन प्लास्टिकचे जबडे ठेवले. दोन्हीत भोक तंतोतंत एकाच जागी. एकाच साच्यातून निघालेले ते.

मला लगेच कळलं. प्लास्टिकची हजार कवट्या बघितल्या तरी माणूस एकच बघितला. आणि पेशंट साच्यातून येत नाहीत.

मॅडम स्क्रीनच्या विरोधात नाहीत, हेही सांगतो. उजळणीला स्क्रीन उत्तम, असं त्यांचं मत. पण नस बोटाला दोऱ्यासारखी लागते, शीर चपटी लागते, चरबीतून दोन्ही वेगळ्या करताना किती जपावं लागतं, हे बोटालाच शिकावं लागतं. शिवाय डेंटलच्या पोरांना बऱ्याच ठिकाणी स्वतः काही उघडायला मिळतच नाही, शिक्षकांनी आधीच उघडून ठेवलेले भाग ती भोवती उभी राहून बघतात. मागच्या रांगेतल्याला पुढच्याचं डोकं दिसतं.

आणि हा धडा जगाने महाग किमतीत घेतलाय. गेलेन नावाचा रोमन काळातला मोठा वैद्य. त्याने लिहून ठेवलं की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. त्याने प्राणी फाडून बघितले होते, माणूस नाही. पुढची हजारहून जास्त वर्षं विद्वान तेच घोकत राहिले. १५४३ साली व्हेसेलियसने आपलं मोठं पुस्तक छापलं आणि सांगितलं की माणसाचा जबडा एकच हाड आहे, मी स्वतः बघितलंय. हजार वर्षं प्रत्येकाच्या तोंडात जबडा होता, पण उघडून कुणी बघितला नाही!

आपल्याकडे तर सुश्रुताने त्याच्याही कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग कुंच्याने हळूहळू थर काढत प्रत्येक अवयव डोळ्याने बघायचा. नुसतं ग्रंथ वाचून वैद्य होता येत नाही, हा त्याचा आग्रह. पुढे आपण सोवळ्या-ओवळ्यात अडकलो आणि ते विसरलो. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी १८३६ मध्ये देह उघडला तेव्हा ती खळबळजनक गोष्ट होती. जे आपल्याच ग्रंथात होतं, तेच करायला धाडस लागलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे देह येतात कुठून?

आपल्या राज्यात यासाठी कायदा आहे, १९४९ चा, मुंबई अॅनाटॉमी अॅक्ट या नावाने आलेला. दोन वाटा. एक, बेवारस मृतदेह. ठरलेल्या मुदतीत कुणी नातेवाईक पुढे आला नाही तर तो शिक्षणासाठी देता येतो. दुसरी, देहदान.

पहिल्या वाटेबद्दल थोडं थांबून विचार करा. बेवारस कोण असतो? फलाटावर झोपणारा, वीटभट्टीवर आलेला, घरातून हाकललेली म्हातारी, मनाचा तोल गेलेला. मी क्राइमच्या बातम्या केल्यात. पनवेल स्टेशन, जुना हायवे, एक्सप्रेस वे. बेवारस देहांच्या चार ओळींच्या बातम्या मी स्वतःच्या हाताने लिहिल्यात. “अंदाजे वय ४५, अंगात निळा शर्ट.” ज्यांना जिवंतपणी आपण दारात उभं केलं नाही, त्यांच्याच देहावर आपल्या पोरांनी डॉक्टर व्हायचं आणि आपण मात्र नामानिराळे राहायचं. हे मला तरी बरोबर वाटत नाही. त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

आणि व्यवहारातही ही वाट अपुरी. अपघातात गेलेल्याचं पोस्टमॉर्टेम होतं, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह या कामाला सहसा घेत नाहीत. म्हणजे “हायवेला एवढी माणसं मरतात, देहांना काय तोटा” हे बोलणं साफ चुकीचं.

राहिलं देहदान. आता माझं घर.

आमचे अण्णा एसटीत मेकॅनिक होते. सातवी शिकलेले. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, “इंजिन खोलल्याशिवाय मेकॅनिक होत नाही.” रिटायर झाल्यावर कुठल्याशा व्याख्यानाला गेले आणि देहदानाचा फॉर्म घेऊन आले. स्वतः भरला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, कार्ड पाकिटात ठेवलं. मला म्हणाले, “माझं इंजिन पोरांना खोलू दे.” मी सही केली. तेव्हा सोपं वाटलं. सगळं लांबच्या गोष्टीसारखं.

२०१९ च्या पावसाळ्यात, शनिवारी रात्री दोनला, झोपेत अण्णा गेले. कार्डावरच्या नंबरला फोन केला. वाजत राहिला. अर्ध्या तासाने कुणीतरी उचलला, “सकाळी दहानंतर करा, रविवार आहे, बघावं लागेल.” मृत्यूचा दाखला लागतो, आमचे फॅमिली डॉक्टर गावाला. दुसरे डॉक्टर म्हणाले, मी पेशंटला कधी बघितलेलंच नाही, दाखला कसा देऊ? पहाटे आत्या आली. तिने एकच विचारलं, “दादाला अग्नी नाही द्यायचा? त्याने तुझं काय वाकडं केलं होतं?” काका गप्प. आई गप्प. बायको माझ्याकडे बघतेय.

सकाळी नऊला आम्ही अण्णांना अमरधामला नेलं.

बरेच दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की फोन उचलला नाही म्हणून राहिलं. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की आत्या रडली तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं. दहापर्यंत थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. लोकांना देहदानाचं महत्त्व सांगणाऱ्या बातम्या मी छापल्यात आणि माझ्या घरात वेळ आली तेव्हा मी पळालो. साधे डोळेसुद्धा द्यायचं सुचलं नाही. पनवेलमध्येच लक्ष्मी आय बँक आहे, तिथे एक फोन पुरला असता. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

म्हणून आता कुणी “आमच्यात चालत नाही” म्हणालं तर मी त्याला हसत नाही. आत्याचं दुःख खोटं नव्हतं. तिला भावाला निरोप द्यायचा होता आणि निरोपाची जी एकच रीत तिला माहीत होती, ती आम्ही काढून घेत होतो. बदल्यात काय देत होतो? एक बंद फोन.

धर्माचं म्हणाल तर एक उदाहरण देतो. २०१० साल. जानेवारीत कोलकात्यात ज्योती बसू गेले, आयुष्यभराचे कम्युनिस्ट. त्यांचा देह वैद्यकीय शिक्षणाला दिला. फेब्रुवारीत चित्रकूटला नानाजी देशमुख गेले, आपल्या हिंगोली जिल्ह्यातले, आयुष्यभराचे संघाचे. त्यांचाही देह दिल्लीच्या एम्सला दिला. आयुष्यभर एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिलेली ही माणसं दीड महिन्याच्या अंतराने एकाच प्रकारच्या टेबलावर पोचली. आणि आपल्याकडे गोष्ट आहेच की दधीची ऋषींची, स्वतःची हाडं देणाऱ्या. कीर्तनात ऐकून मान डोलावतो आपण. डोंबिवलीत त्या नावाने देहदान मंडळ काम करतंय. पनवेल तिथून किती लांब आहे?

आता मागण्या. नुसतं हळहळून पोस्ट संपवायची नाही.

एक, कॉलेजांना. देहदानाचा फोन चोवीस तास उचलला गेला पाहिजे, रविवारी आणि गणपतीतसुद्धा. माणसं ऑफिसची वेळ बघून जात नाहीत. आणि फॉर्म भरून घेतानाच घरच्यांना समोर बसवून सांगा की देह कधी घेता येत नाही: पोस्टमॉर्टेम झालं, एचआयव्ही किंवा काविळीसारखा संसर्ग असला, फार उशीर झाला तर. ऐनवेळी नकार मिळाला की तो माणूस पुन्हा या वाटेला येत नाही.

दोन, महापालिकेला. पनवेल महापालिका २०१६ ला झाली. स्मशानभूमीच्या नोंदणीच्या जागी एक बोर्ड लावा: देहदान, नेत्रदान, फोन नंबर. शववाहिनी देहदानासाठी मोफत द्या. आणि घरी मृत्यू झाल्यावर रात्री दाखला द्यायला डॉक्टरांची पाळी लावा. हा दाखल्याचा घोळ तर देहदान न करणाऱ्यांच्याही वाट्याला येतो. कुणालाही विचारा.

तीन, पुन्हा कॉलेजांना. आत्यासारख्यांना निरोपाची जागा द्या. देह स्वीकारताना दहा मिनिटं घरच्यांना द्या, पोरांना रांगेत उभं करा, त्यांच्याकडून शपथ घ्या की आम्ही या देहाचा मान राखू. काही कॉलेजं अशी शपथ घेतातही. वर्षातून एकदा देहदात्यांच्या कुटुंबांना बोलवा. ज्या बहिणीने पांढऱ्या अॅप्रनमधली शंभर पोरं भावापुढे हात जोडून उभी राहिलेली बघितली, ती पुढच्या वेळी नाही म्हणणार नाही.

चार, डेंटलच्या पोरांना मागच्या रांगेत उभं करू नका. त्यांनाही हातात चिमटा द्या. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केलाय, १९४८ च्या कायद्याच्या जागी. नवा आयोग म्हणजे अभ्यासक्रमाचा पुन्हा विचार होणार. तेव्हा “डेंटलला एवढी अॅनाटॉमी कशाला” म्हणून तास कापायची टूम निघाली तर आपण पेशंट म्हणून बोललं पाहिजे. सुई आपल्या तोंडात जाणार आहे.

पाच, आपल्याला. फॉर्म भरणं सोपं आहे, मीही सही केली होती. खरं काम फॉर्म भरल्यानंतरचं. बहीण, भाऊ, आत्या, जो रडणार आहे त्याला आजच सांगा. तुम्ही स्वतः सांगा. कारण त्या रात्री तुम्ही सांगायला नसणार, आणि तुमच्या मुलाच्यात तेवढं बळ नसणार.

परवा त्या मुलीचा मेसेज आला, व्हायवा चांगली झाली म्हणून. त्या रात्री निघताना मी तिला काकांच्या देखत विचारलं होतं, ते भोक कुठलं गं नक्की? तिने प्लास्टिकचा जबडा उचलला, पेनाच्या टोकाने दाखवलं आणि म्हणाली, “इथे, काका. पण प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं, असं मॅडम सांगतात.” सांगतात. तिने अजून स्वतः बघितलेलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी फॉर्म भरला. आत्याला फोन करून सांगितलं. ती आता ७८ वर्षांची आहे. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दादाचं तेवढं राहिलं रे.” एवढंच. मी हो म्हटलं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. पण एकदा जेवताना घरात हा विषय काढा.